षटकं कोण मोजणार?

उमेश यादव लेदरच्या चेंडूने नियमित गोलंदाजी करू लागला तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. नागपूरजवळच्या खाण वसाहतीत वाढलेला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. सैन्यात आणि पोलिसात भरती व्हायचे प्रयत्न करून झालेले. तोवरचं त्याचं सगळं क्रिकेट टेनिसच्या चेंडूवरचं. मग विदर्भ जिमखाना मिळाला, विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याची नजर त्याच्यावर पडली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध तो पहिला रणजी सामना खेळला. २०१० च्या मे महिन्यात झिम्बाब्वेच्या दौऱ्यावर भारताच्या एकदिवसीय संघात आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. पुढे ५७ कसोटी आणि १७० बळी.

रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदला, आणि वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, ही गोष्ट क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना तोंडपाठ असते. तिच्यातून दोन निष्कर्ष हमखास काढले जातात. एक, अंगात दम असेल तर कुणी अडवू शकत नाही. दुसरा नेमका उलटा : उमेशला उशीर झाला, आपल्या पोराला होऊ द्यायचा नाही, तेव्हा बाराव्या-तेराव्या वर्षीच त्याला नागपूरच्या नाहीतर पुण्याच्या अकादमीत टाकायचं, वेळ पडली तर एखादा एकर विकायचा. मला दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात, आणि दुसरा तर घातकच. उशीर हे उमेशच्या नशिबाचं एक चांगलं अंग होतं, असं माझं म्हणणं आहे. सोळा ते वीस या वयात त्याच्या पाठीकडून कुणी रोजची वीस-वीस षटकं लेदरच्या चेंडूने काढून घेतली नाहीत. त्याचा वेग खर्चून न जाता विदर्भाच्या हाती पडला.

पटवून घ्यायचं असेल तर वेगवान गोलंदाज नेमकं काय करतो ते जवळून पाहिलं पाहिजे. धावत येऊन तो उडी घेतो, मागचा पाय टेकतो आणि मग पुढचा पाय, गुडघा जवळजवळ ताठ ठेवून, जमिनीवर आदळतो. त्या क्षणी त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर टाचेतून घोट्यात, गुडघ्यात, कमरेत आणि तिथून कण्यात चढतो. त्याच क्षणी कणा मागे वाकलेला असतो, एका बाजूला झुकलेला असतो आणि पिळलाही जात असतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेतल्या शेवटच्या एक-दोन मणक्यांच्या डाव्या बाजूवर हा सगळा भार येतो. एका चेंडूने काही होत नाही. शेकडो चेंडूंनी त्या हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि तरुण वेगवान गोलंदाजांची कारकीर्द खाणारं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे. कण्याचं हाड पुरतं पक्कं व्हायला विशीचा मध्य गाठावा लागतो. म्हणजे ज्या वयात गोलंदाज सगळ्यांत उत्साही, सगळ्यांत आज्ञाधारक आणि संघाला सगळ्यांत हवाहवासा असतो, त्याच वयात त्याचं हाड सगळ्यांत कच्चं असतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गोऱ्हा कितीही अवखळ असला, कितीही जोर दाखवत असला, तरी वय भरल्याशिवाय त्याला कुणी औताला जुंपत नाही.

पण पोराच्या बाबतीत हे शहाणपण आपण गुंडाळून ठेवतो. गावात हे दुखणं दिसतं कसं, तेही सांगितलं पाहिजे. सामन्यानंतर पोरगा कमरेवर हात ठेवून उभा असतो. कुणी विचारतं, ‘दुखते काय बे?’ तो म्हणतो, ‘नाई गा, उसण भरली जराशी.’ उसण म्हटलं की उपाय ठरलेले : तेल लावून चोळणं, गरम विटेचा शेक, फारच झालं तर दवाखान्यात जाऊन दुखणं मारायचं इंजेक्शन आणि कमरेला पट्टा. दोन दिवसांनी तो पुन्हा रनअप मोजत असतो. ही चीर सुरुवातीला साध्या एक्सरेत बहुधा दिसतच नाही, एमआरआय करावा लागतो. सतरा वर्षांच्या पोराच्या उसणीसाठी एमआरआय करा, असं म्हणणारं गावात कुणी नसतं, आणि कुणी म्हटलंच तर त्याला हसतील. दुखतं म्हणून थांबावं तर संघ दुसरा गोलंदाज शोधतो, ही भीती असतेच. मग एक दिवस त्याचा वेग गेल्याचं लोकांच्या लक्षात येतं. ‘आधी लय जोरात टाकत होता,’ असं म्हणून विषय संपतो. तो का गेला याची चौकशी होत नाही.

टेनिसच्या चेंडूवर इतका भार येत नाही, असं कुणी म्हणेल. अर्धवट खरं आहे. टेनिसचा साधा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा, लेदरचा १६० च्या आसपास. खांदा आणि कोपर यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. पण पाय आदळतो तो स्वतःच्या वजनाने. चेंडू हलका आहे हे टाचेला कळत नाही. शिवाय अकादमीतला मुलगा खिळ्यांचे बूट घालून तयार खेळपट्टीवर उतरतो आणि आमचा पोरगा कॅनव्हासच्या पातळ तळव्यावर कडक मुरमावर. चेंडू हलका म्हणून वेग काढायला तो खांद्याला हिसका देतो, कधी कोपरही वाकवतो. गावच्या सामन्यात फेकीवर कुणी नोबॉल देत नाही. ती सवय हाडात मुरते, आणि पुढे निवड चाचणीत एखादा प्रशिक्षक दोन चेंडू पाहून मान हलवतो.

त्याहून मोठी गोष्ट आमच्या हंगामाची आहे. जूनमध्ये पेरणी लागते. पावसाळाभर मैदानावर चिखल आणि पोरं सोयाबीनमध्ये निंदणाला, डवरणीला नाहीतर फवारणीला. काढणी आटोपते, दिवाळी होते, तूर अजून वावरात उभी असते, आणि तेव्हा सामने सुरू होतात. आठवड्याभरात चार गावांची पत्रकं येतात : प्रवेश फी, पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मालिकावीराला चषक. सहा किंवा आठ षटकांचे सामने असतात, एका गोलंदाजाला फार तर दोन षटकं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण संघ जिंकत गेला तर दिवसात तीन सामने होतात, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर तिघं बसून दुसरं गाव गाठायचं, आणि चांगला फास्ट बॉलर असला की त्याला दुसरे संघही मागून नेतात. चार-पाच महिने एक चेंडू न टाकलेलं शरीर दोन आठवड्यांत शेकडो चेंडू पूर्ण ताकदीने टाकतं, तेही प्रत्येक वेळी थंड अंगाने, कारण दोन षटकांसाठी अंग गरम करायला वेळ कुणाला आहे?

ऑस्ट्रेलियात गोलंदाजांच्या दुखापतींवर बरीच वर्षं अभ्यास झाले आहेत. त्यांतून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी की धोका नुसत्या जास्त गोलंदाजीत नसतो. तो अचानक वाढलेल्या गोलंदाजीत असतो, आणि त्याचा फटका लगेच न बसता काही आठवड्यांनी बसतो. अगदीच कमी टाकणाराही सुरक्षित नसतो, कारण त्याचं शरीर तयारच होत नाही. आमचं वेळापत्रक या अभ्यासासमोर ठेवून पाहावं. पावसाळ्यात शून्य, दिवाळीनंतर एकदम पूर. दुखापत घडवायचीच ठरवली असती तरी याहून चोख वेळापत्रक आखता आलं नसतं. आणि फटका आठवड्यांनी बसत असल्याने कोणत्या सामन्यात काय बिघडलं हे कधी कळतच नाही.

‘आम्ही दिवसभर टाकायचो, आम्हाला काही झालं नाही,’ असं जुने खेळाडू सांगतात. त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण ज्यांना झालं ते आज सांगायला मैदानावर नसतात. जुन्या काळातलंच उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या रमाकांत देसाईचं घ्या. बुटका, किरकोळ अंगाचा. संघात त्याला ‘टायनी’ म्हणत. १९५८-५९ च्या आपल्या पहिल्याच रणजी मोसमात त्याने ५० बळी घेतले. लगेच फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण. वय १९. वेस्ट इंडिजने ८ बाद ६४४ वर डाव सोडला, आणि त्या डावात या पोराने ४९ षटकं टाकली. १६९ धावांत ४ बळी. एकोणिसाव्या वर्षी, एका डावात, २९४ चेंडू! त्या काळच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर नवा चेंडू टाकायला दुसरं कुणी जवळपास नव्हतंच, म्हणून पुढची वर्षंही ओझं त्याच्याच खांद्यावर राहिलं. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध २१ बळी. १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर उसळत्या चेंडूने जबडा मोडलेला असताना तो फलंदाजी करत राहिला, इतकी त्याची हिंमत. पण त्याच वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली. २८ कसोटी, ७४ बळी. वय अठ्ठावीस, ज्या वयात वेगवान गोलंदाज खरा पिकतो. देसाईची आठवण निघाली की लोक त्याच्या हिंमतीचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या ४९ षटकांचा राग येतो. कर्णधारापासून मंडळापर्यंत कुणालाही ती मोजावीशी वाटली नाहीत.

पुढच्या पिढीत वेग असणाऱ्याला गिऱ्हाईकच नव्हतं. सत्तरच्या दशकात भारताचा नवा चेंडू एकनाथ सोलकर टाकायचा, कधी चक्क सुनील गावसकर. चकाकी जायची आणि फिरकीपटू कामाला लागायचे. महाराष्ट्राचा पांडुरंग साळगावकर त्या वेळी देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांपैकी एक होता. तो एकही कसोटी खेळला नाही. मग कपिल देव आला, १९८७ मध्ये चेन्नईत डेनिस लिलीच्या मार्गदर्शनाखाली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, आणि २००८ मध्ये आयपीएल. ज्या वेगाला कुणी विचारत नव्हतं त्याला आता लिलावात बोली लागते. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या फेब्रुवारीत अंडर-१९ विश्वचषक जिंकून आला, आणि त्याच महिन्यात चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. पहिला आयपीएल सामना मिळाला तो पुढच्या वर्षी, ३१ मार्च २०२३ ला, आणि त्यात त्याने ३ बळी घेतले. राजस्थानचा कमलेश नागरकोटी २०१८ मध्ये तशाच वाटेने ३ कोटी २० लाखांना कोलकात्याकडे गेला आणि दुखापतींमुळे पहिले दोन्ही मोसम बाहेर बसला. हे पैसे त्या मुलांनी कमावलेले आहेत, त्यांच्या घरादाराचे आहेत, त्याबद्दल माझी कुठलीच तक्रार नाही. पण दुर्लक्षापासून ओरबाडण्यापर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात उरकला, आणि मधली पायरी, म्हणजे जोपासना, राहून गेली.

त्या पायरीचं उत्तम उदाहरण परदेशातलं आहे. पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये, अठराव्या वर्षी, जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला. दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी, सामन्याचा मानकरी. त्यानंतर पाठीच्या आणि इतर दुखापतींनी तो असा अडकला की त्याची दुसरी कसोटी उजाडली थेट मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं त्याने काय केलं? सिडनीच्या विद्यापीठात पदवीचा अभ्यास केला, गोलंदाजीची शैली दुरुस्त केली, ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाच्या देखरेखीखाली थोडं थोडं खेळला. या काळात त्याला कुणी टाकून दिलं नाही. कमिन्स आज जो आहे तो अठराव्या वर्षीच्या सहा बळींमुळे नाही. तो त्या पाच वर्षांमुळे आहे.

आता असाच अठरा-एकोणीसचा मुलगा आपल्याकडे दुखावला तर? आपल्याकडे देशांतर्गत क्रिकेटचा मोबदला मुख्यतः सामन्याच्या दिवसावर आहे. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने तो वाढवला : अंतिम अकरात असलेल्या नवख्याला रणजीत दिवसाला ४० हजार, २० हून जास्त सामने झाले की ५० हजार, चाळिशी ओलांडली की ६० हजार. साखळीचे सात सामने चार-चार दिवसांचे धरले तर मोसमाला अकरा लाखांच्या वर रक्कम जाते. खेड्यातल्या घरासाठी ही रक्कम आयुष्य बदलणारी आहे. पण ती खेळलेल्या दिवसाची आहे. पाठीला चीर गेली, सहा महिने अंथरुण आणि सहा महिने व्यायामशाळा अशी पाळी आली, तर मॅच फी बंद. म्हणून तो लपवतो. दुखत असताना टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही लपवलं असतं, कारण घरचे लोक त्या पैशांकडे डोळे लावून असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने पाच वेगवान गोलंदाजांना वेगळे करार दिले, उमरान मलिक, आकाश दीप वगैरे. कल्पना अगदी बरोबर आहे, पण ती वरच्या टोकाला सुरू झाली. कराराची गरज सगळ्यांत जास्त आहे ती पहिल्यांदा राज्याच्या शिबिरात आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला. त्याला तीन वर्षं ठरावीक पैसे मिळाले पाहिजेत, मग तो चेंडू टाको अथवा एमआरआयच्या नळीत पडून असो. विदर्भ क्रिकेट संघटनेने हे करून दाखवावं असं मला फार वाटतं, कारण विदर्भाला वेगवान गोलंदाजीची किंमत इतर कुणाहून जास्त कळायला हवी.

विदर्भाचा २०१७-१८ चा पहिला रणजी चषक वेगवान गोलंदाजांच्या जोरावर आला. रजनीश गुरबानी या इंजिनीअर झालेल्या मुलाने त्या मोसमात ३९ बळी घेतले. उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला पाच धावांनी हरवताना दुसऱ्या डावात ७ बळी, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक. शिक्षण आधी पूर्ण करून, मग जोर लावून आलेला गोलंदाज. त्याच अंतिम सामन्यात अकोल्याचा आदित्य ठाकरे, नुकताच एकोणीस पूर्ण केलेला, पहिला प्रथमश्रेणी सामना खेळला. लगेच न्यूझीलंडमधल्या अंडर-१९ विश्वचषकासाठी जायबंदी ईशान पोरेलचा पर्याय म्हणून त्याचं नाव पुढे आलं. वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता, त्यामुळे आदित्य आम्हाला घरचाच वाटतो. पुढे त्याचं नाव भारतीय संघाच्या बातम्यांत आलं नाही, म्हणून गावात कुणी कुणी ‘गेला तो’ असं म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात मान्य नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाच्या माऱ्यात उमेश यादव आणि यश ठाकूर यांच्याबरोबर आदित्य होता. पदार्पणानंतर सहा वर्षांनी, पुन्हा अंतिम सामन्यात. वेगवान गोलंदाजाने सहा वर्षं उभं राहणं, हेच यश आहे. त्याला अपयश म्हणण्याची सवय लावून आपण पुढच्या पोरांना सांगतो की एकतर निळी जर्सी, नाहीतर काहीच नाही. मग तो घाई करतो. घाईतच हाडं मोडतात.

उशिरा पिकण्याची दुसरी साक्ष श्रीरामपूरच्या झहीर खानची. इंजिनीअरिंगचा विचार सोडून सतराव्या वर्षी तो मुंबईत आला. मुंबईच्या संघात जागा मिळाली नाही म्हणून बडोद्याकडून खेळला, बाविसाव्या वर्षी भारतासाठी. तरीही त्याची खरी घडण पुढे झाली. २००६ मध्ये संघाबाहेर असताना तो वुस्टरशायरकडून काउंटी खेळला, रनअप आखूड केला, मोसमात ७८ बळी घेतले. ३११ कसोटी बळींचा झहीर हा त्या उन्हाळ्यानंतरचा झहीर. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस नव्याने शिकू शकतो, मात्र तोवर त्याची पाठ शाबूत असली पाहिजे.

माझं म्हणणं ऐकून एक आक्षेप येतो, आणि तो मला गंभीर वाटतो. शहरातली मुलं तेराव्या वर्षी अंडर-१४ खेळतात, निवड समितीच्या वहीत त्यांची नावं चढतात. आपल्या पोराने थांबायचं म्हणजे रांगेत मागे राहायचं. फलंदाजाच्या बाबतीत हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत नाही. वेग ही अशी गोष्ट आहे की ती एकोणिसाव्या वर्षी दिसली तरी नेटमध्ये दहा मिनिटांत कळते, त्यासाठी वहीत जुनं नाव असावं लागत नाही. उमेश त्याचाच दाखला. खेड्यातल्या मुलाला तेराव्या वर्षी नागपूर लागत नाही. त्याला लागतो बरा बूट, वर्षभर थोडी थोडी गोलंदाजी, पंधराव्या-सोळाव्या वर्षी तालुक्याच्या गावात आठवड्यातून दोनदा लेदरच्या चेंडूचा सराव, कोपर सरळ आहे का हे बघणारा माणूस, आणि शाळा. नागपूर सतराव्या-अठराव्या वर्षी पुरे. एकर विकायची गरज नाही. एकर विकलेल्या पोराच्या पाठीवर चेंडूच्या भाराबरोबर त्या एकराचाही भार येतो, आणि तो दुखणं आणखीच लपवतो.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने बरीच वर्षं वयानुसार मर्यादा घालून दिली आहे. तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाने सलग पाच षटकं आणि दिवसात दहा, पंधरा वर्षांखालच्याने सलग सहा आणि दिवसात बारा. पंच ती पाळायला लावतात. कर्णधार चिडला तरी मोजणी थांबत नाही. हा नियम आणायला पैसा लागत नाही. आमच्या सामन्यांत धावफलक लिहायला एक मुलगा टेबलावर बसलेलाच असतो, माइकवर समालोचनही चालू असतं. त्याच वहीत गोलंदाजाच्या नावापुढे दिवसभरातले चेंडू लिहायचे, आणि समालोचकाने तेही सांगायचं.

यंदा दिवाळीनंतर रिठदच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या मंडळांनी पत्रकं छापताना बक्षिसांच्या रकमांखाली एवढं छापावं : अठरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला दिवसाला सहा षटकांच्या वर गोलंदाजी देता येणार नाही, मग संघ कितीही सामने खेळो, सलग तिसऱ्या दिवशी तो फक्त फलंदाजी करील, फेकीवर नोबॉल दिला जाईल, आणि कमरेत दुखतं असं सांगणाऱ्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडूला गोलंदाजी करता येईल. शेवटचा नियम क्रिकेटच्या पुस्तकात बसत नाही, हे मला माहीत आहे. आपल्या सामन्यांत तो ठेवायला हरकत नसावी, कारण पोराला खरं सांगायची मोकळीक त्यानेच मिळेल.